धातूची झडप

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबा फोनवर हसत म्हणाले होते, “हृदयात धातूची झडप बसवणार आहेत, पोरी. टिकटिक वाजते म्हणे. मी कुठल्या खोलीत आहे, ते आता तुझ्या आईला न विचारताच कळेल.”

परदेशात बसून ती करणार तरी काय? जीव टांगणीला लागलेला, पण गिऱ्हाइकाचा कोट आजच द्यायचा होता. दुपारी तिने शिलाई मशीन थांबवलं, तरी टिकटिक थांबेना.

घरात घड्याळ नव्हतं. नळही गळत नव्हता. आवाज स्वयंपाकघरातून येत होता, सावकाश, एकसारखा. घाबरायचं सोडून तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. त्याला बोलू न देता ती म्हणाली, “झालं ना रे नीट? झडप छान वाजतेय बघ!”

“ताई, काय बोलतेस? झडप बसवायच्या आधीच बाबा गेले गं. ती तशीच डबीत आहे.”

स्वयंपाकघरातली टिकटिक थांबली.

मग ती पुन्हा सुरू झाली, तिच्या खुर्चीच्या अगदी मागे, फार लांबून चालत आलेल्या माणसाच्या काळजासारखी, भरभर.