सोडियमच्या पलीकडची खाच

वरुणमामांनी लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. आधी जेव म्हणाले, आणि भाचीच्या पानात स्वतः आमटी वाढली.

हरिप्रिया बंगळूरहून तंजावूरला आली होती ती त्यांना निकाल दाखवायलाच. तिचा ग्रह गुरूपेक्षाही मोठा. तो आपल्या ताऱ्यापुढून सरकला, की ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. त्या प्रकाशाच्या आलेखात जिथे खाचा पडतात, त्यांवरून तिथले वायू ओळखायचे. सोडियमची खाच सापडली होती, पाण्याच्या वाफेचीही. त्यापलीकडे तिसरी होती. ती कुठल्याच वायूशी जुळेना. वरिष्ठांनी दुर्बिणीचा दोष म्हणून हात झटकले. तिने दुसऱ्या दुर्बिणीतून पाहिलं. खाच तिथेच.

मामा याच विषयातले. वेधशाळेत त्यांचं मोठं नाव होतं. मग एकाएकी राजीनामा देऊन ते राजवाड्यामागच्या गल्लीत येऊन राहिले आणि शाळेच्या पोरांना गणित शिकवू लागले. कारण कुणालाच कळलं नाही. हरिप्रियाची आई म्हणायची, दुसऱ्याचं यश बघवत नाही त्याला.

जेवताना हरिप्रियाने सगळं सांगितलं. मामांनी तारा कुठला ते विचारलं, मग आपल्यापासून किती लांब तेवढं विचारलं. तिने सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"हे छापू नको," ते म्हणाले.

तिला आईचं बोलणं आठवलं. नोकरी कायम होणं याच शोधनिबंधावर अवलंबून आहे, हे तिने शांतपणे समजावलं. मामांनी मान हलवली. दुसरा विषय घे म्हणाले, हवं तर तब्येतीचं कारण दे.

हात धुऊन त्यांनी पेन्सिल घेतली आणि पेपराच्या कडेला एक रेघ ओढली. सोडियमची अरुंद खाच. वाफेची रुंद. मग तिसरी, एका बाजूला कललेली, तळाशी दोन बारीक दात असलेली.

हरिप्रिया त्या रेघेवर वाकली. ते दोन दात तिने अजून कुणालाच दाखवले नव्हते. लॅपटॉप तर पिशवीत बंद होता. बाहेर फुलवाली ओरडत गेली, पण आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

"माझं काम तुमच्यापर्यंत कुणी पोचवलं, मामा?"

"कुणी नाही."

"मग हे कुठून आलं? तो ग्रह माझा आहे. मी शोधलाय."

मामांनी पेपराची घडी घातली. पोराचं चुकलेलं गणित सुधारावं, तशा सावकाश आवाजात ते बोलले.

"मीही शोधला होता, हरी. तेव्हा तो दुसऱ्या ताऱ्यापुढं होता. याच्याहून लांबच्या."