ओलं बोट

"हिनंच बाटवलं माज्या नातवाला." दवाखान्यात चारचौघांसमोर धुरपताबाईंनी उजव्या हाताचं बोट पंचफुलावर रोखलं. "जलमल्या जलमल्या तोंडात बोट घातलं व्हतं हिनं."

त्यांची सून कुसुम मांडीवरच्या लेकराकडं बघत होती. महिन्याचं पोर. जिभेवर, टाळूला, गालांच्या आत दह्यासारखा पांढरा थर. छातीला लावलं की ओठ टेकवायचं आणि किंचाळून तोंड फिरवायचं. कालपासून पोटात घोटभर दूध नाही. पोर वाळत चाललेलं आणि या बाईला बाटण्याची पडलेली!

पंचफुला त्यांच्या झरी गावची नर्स. कुसुम अडली तेव्हा नाइलाजानं तिलाच बोलावलं होतं. पोर निळं, निपचित आलं. तिनं तोंडात बोट घालून चिकटा काढला, तेव्हा कुठं ते रडलं. पण ती बौद्धवाड्यातली. त्यात नामांतराच्या मोर्च्यात तिचा भाऊ पुढं होता, तेव्हापासून ती कुसुमच्या नवऱ्याच्या, भगवानरावांच्या डोळ्यात सलत होती. आज त्यांना आयतं निमित्त घावलं, म्हणून तिलाही दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. रोग नर्सच्या हातानं आला एवढं डॉक्टरांनी म्हणावं, तिला गावातून कसं हलवायचं ते आपण बघतो, असं ते खुर्चीत रेलून सांगायला लागले. कुसुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नवऱ्यासमोर तोंड उघडायची तिला सवय नव्हती.

डॉक्टरांनी थोडा थर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. यीस्ट जातीची बुरशी आहे, म्हणाले. तिच्या अंगावर प्रथिनं असतात. लुगड्याला कुसळं धरावीत तशी ती त्या प्रथिनांनी गालाच्या कातडीला धरून बसते, आणि एकदा धरली की पाण्यानं धुऊन सुटत नाही. मग त्यांनी विचारलं, बाळाच्या तोंडात रोज कुणाचं बोट जातं? सदा पाण्यात भिजून नखापाशी सुजलेलं बोट असलं, की ही तिथंही घर करते.

पंचफुलानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. कोरडे, नखं कापलेले.

"बघा," ती म्हणाली. "बाळंतपण झालं त्या दिवसापासून यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई."

भगवानराव हसले. हात काय, येताना धुऊन आली असेल, म्हणाले. धुरपताबाईंनी मान डोलावली आणि पुन्हा बोट रोखलं.

कुसुमनं ते बोट बघितलं आणि तिला सगळं दिसलं. त्या दिवशी पंचफुलाची पाठ वळली तशी सासूनं पोराचं तोंड गोमूत्रानं धुतलं होतं. पुढं रोज सकाळी तोच नेम. गोमूत्रात बोट बुडवायचं आणि पोराच्या तोंडातून फिरवायचं. नर्सचा इटाळ एका दिवसात जातोय होय! आणि ते बोट तरी कसं? बौद्धवाड्यातलं कुणी दारावरून गेलं की धुरपताबाई उठून हात धुवायच्या. दिवसभर हात ओलेच.

कुसुम पोराला घेऊन उठली. सासूचं मनगट धरून तिनं तो हात डॉक्टरांपुढं टेबलावर दाबला. बोटाच्या नखाची कड लाल होऊन फुगली होती आणि मुळाशी पांढरं साचलं होतं.

"बाहेर कशाला हुडकता?" ती नवऱ्याला म्हणाली. "रोज हेच बोट जातंय त्याच्या तोंडात."

डॉक्टरांनी नखाखालचं खरवडून दुसऱ्या काचेवर घेतलं. बघितलं. मग भगवानरावांना उठवून दोन्ही काचा दाखवल्या, आधी त्यांच्या लेकाची, मग त्यांच्या आईची. दोन्हीत सारखंच दिसत होतं. भगवानराव परत येऊन बसले, पण खुर्चीत रेलले नाहीत.

डॉक्टरांनी जांभळ्या औषधाची बाटली पुढं केली. हे कापसानं बाळाच्या तोंडात लावायचं, म्हणाले. धुरपताबाईंचा हात सवयीनं बाटलीकडं गेला. कुसुमनं मध्येच बाटली उचलली, आणि बाटली अन् लेकरू दोन्ही पंचफुलाच्या हातात दिलं.

"आत्याबाई, लांब सरा," ती म्हणाली. "बोट बरं होईस्तोवर माज्या लेकराला शिवायचं न्हाई."