अस्सल लाकूड

“लाकूड कधी खोटं बोलत नाही,” जुनं नाट्यगृह पाडून तिथे सहा मजली लाकडी कलाकेंद्र उभारणारे वास्तुविशारद भाषणात म्हणाले. त्याच नाट्यगृहात तीस वर्षं पडद्यांवर लाकडी दारं रंगवणारा रंगारी त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

“साहेब, केर काढीन, पण घरी बसवू नका.”

“मामा, आता इथे सगळं अस्सल. रंगवलेल्याला जागा नाही.”

दोन वर्षांत रंगाऱ्याचे ब्रश तेवढे विकायचे राहिले. मग उद्घाटनाला आठ दिवस उरले असताना साहेबच त्याच्या दारात आले. अग्निशमन खात्याने सगळं लाकूड न जळणाऱ्या पांढऱ्या बोर्डांनी झाकायला लावलं होतं.

“मामा, अब्रू तुमच्या हातात आहे.”



सध्या रंगारी त्या बोर्डांवर लाकूड रंगवतो आहे, गाठींसकट.