आठ बोल्ट

आठवा बोल्ट तिने मायक्रोमीटरमध्ये धरला, खुंटी टकटक वाजेपर्यंत फिरवली आणि आकडा पुठ्ठ्यावर लिहिला.

"किती?" धाकट्या भावाने विचारलं.

"पाच शतांश मिलिमीटर. नवा होता तेव्हापेक्षा एवढा लांब झालाय."

"म्हणजे केसाएवढंही नाही."

"केस सात शतांश असतो," ती म्हणाली. "बोल्ट दोनच्या वर ताणला गेला की फेकायचा. हे आठही गेलेत."

बोल्टच्या डोक्यांवर गेल्या वर्षीच्या पांढऱ्या रंगाचे तुकडे अजून चिकटून होते. दोघांची ती जुनी पद्धत. ताई बोल्ट कसायची आणि "लाव" म्हणायची. मग तो बारीक ब्रशने बोल्टवरून खालच्या लोखंडापर्यंत एक रेघ ओढायचा. पुढच्या वेळी इंजिन उघडलं आणि रेघ तुटलेली दिसली, की तो बोल्ट हलला. गेल्या वर्षीची एकही रेघ तुटली नव्हती.

टेबलावर जुनी चादर अंथरून इंजिन मांडलं होतं. एका टोकाला दोन खोकी. लांब खोक्यात नवा कॅमशाफ्ट. तो बसवला की झडपा जास्त उघडतात आणि इंजिन आठ हजार आरपीएमपर्यंत जातं. लहान खोक्यात पिस्टनचे दांडे क्रँकला धरून ठेवणारे आठ नवे बोल्ट. किंमत जवळपास सारखी. पैसे एकाच खोक्याचे होते, आणि बोल्ट मोजायच्या आधीच भावाने ते कॅमवर घालवले होते.

स्पेअरवाला हेल्मेट न काढता दारात उभा होता. "कॅमचं सील फोडलं नाही ना? मग बदलून देतो. पण आत्ता. उद्या आणलात तर मी ओळखत नाही तुम्हाला."

"काका, दोन्ही ठेवून जा की."

"तुझ्यासाठी ठेवीन रे. मग माझ्या बायकोला तू समजाव."

कोणी हसलं नाही.

"कॅम परत देऊ," ताई म्हणाली. "जुनाच कॅम, नवे बोल्ट. साडेसहा हजारांच्या वर जाणार नाही, पण रविवारच्या शर्यतीच्या बारा फेऱ्या सहज निघतील. पुढची दोन वर्षंही निघतील."

"आणि मी नववा येईन."

तिने आठवा बोल्ट बाकीच्या सातांशेजारी ठेवला.

"गेल्या वर्षीही नववाच होतो. गाडी एकदम धडधाकट. ड्रायव्हर निवडायला येतो त्या टीमवाल्याने माझं नावसुद्धा विचारलं नाही. पंचवीस झाली की ते घेत नाहीत, ताई. मला पुढच्या महिन्यात होतायत."

"साडेसहाचे आठ हजार केलेस की बोल्टवरची ओढ दीडपट होते. हा अंदाज नाही, गणित आहे."

"मग गणिताने सांग. कितव्या फेरीला तुटेल?"

"बोल्ट सांगून तुटत नाही."

"तरी."

तिने पुठ्ठ्यावरचे आकडे पुन्हा वरपासून वाचले. "चौथ्या. पाचव्या. पहिल्याही."

"टीमवाला चारच फेऱ्या बघतो. मग एसी लावून गाडीत बसतो."

"तुटला तर दांडा इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. नंतर बांधायला काही उरत नाही. हे एकच इंजिन आहे आपल्याकडे."

"माहीत आहे."

स्पेअरवाल्याने घसा साफ केला. "राग मानू नका, एक सांगतो. तो माणूस तीन वर्षं येतोय. माझीच सहा गिऱ्हाइकं त्याच्यासमोर जीव तोडून पळाली. घेतलं का त्याने एकाला तरी?"

टेबलावरचा पंखा एका बाजूला वळला आणि परत आला.

भावाने लांब खोकं पुढे ओढलं, सीलच्या पट्टीखाली नख घातलं आणि ती फर्रकन ओढून काढली.

स्पेअरवाला क्षणभर त्या पट्टीकडे बघत राहिला. मग त्याने लहान खोकं उचललं आणि धूळ नसतानाही बाहीने पुसलं. "जपून चालव रे," तो म्हणाला. म्हटल्यावर त्यालाच ते विचित्र वाटलं असावं, कारण तो लगेच निघाला. बाहेर त्याची स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली.

ताई ओरडली नाही. तिने जुने आठ बोल्ट पुठ्ठ्यावरच्या आकड्यांप्रमाणे ओळीत लावले, कमी ताणलेल्यापासून जास्त ताणलेल्यापर्यंत.

"हा सगळ्यात वाईट. कुठे टाकू?"

"पहिल्या सिलिंडरला. माझ्यापासून तोच लांब आहे."

तिने मान हलवली, जणू हे उत्तर पुस्तकातलं होतं.

दुपारभर ते काम करत राहिले. पिस्टन आत गेले, दांडे क्रँकवर बसले. टॉर्क पाना तिच्या हातात होता. तिने पहिला बोल्ट हळूहळू आवळला. हवा तेवढा कसला गेल्यावर पाना कट्ट वाजला.

भावाने सवयीने रंगाची बाटली उघडली, ब्रश काठावर निथळवला आणि वाकून उभा राहिला. ताईने पाना दुसऱ्या बोल्टवर चढवला.

"लाव म्हण ना," तो म्हणाला.

"झाकण लाव," ती म्हणाली. "रंग वाळेल उगाच."