फिलोमेनामावशीची साक्ष

क्रूसावर ठेवलेला हात फिलोमेनामावशीने चटका बसल्यासारखा मागे घेतला, आणि नोएमीला वाटलं, म्हातारी कोर्टाला बिचकली.

बिचकणारच. जन्मात कधी कोर्टाची पायरी चढली नव्हती बिचारी. आज चढली ती नोएमीच्या लग्नासाठी, काळी शाल पांघरून, बडीशेप घालून स्वतः तळलेल्या गोड कड्यांची, रोस्कियांची टोपली मांडीवर घेऊन.

यादवी युद्ध जिंकून सत्तेवर बसलेल्या जनरलच्या राज्यात स्पेनमध्ये लग्न म्हणजे कॅथलिक चर्चमधलं. ज्याला कोर्टात लावायचं असेल त्याने आधी सिद्ध करायचं, की आपला कॅथलिक बाप्तिस्मा कधी झालेलाच नाही. आता जे झालंच नाही ते सिद्ध करायचं कसं, हे देवच जाणे. नवऱ्यामुलाचं, एलिआसचं, कसंबसं जमलं. नोएमीचं घोडं अडलं. तिचे वडील तिमोतेओ गावातल्या मूठभर अँग्लिकन लोकांचे पास्टर. पोपला न मानणारा माणूस, त्याच्या शब्दाला कोर्टात कोण विचारतो? न्यायाधीशांनी सांगून टाकलं, साक्षीदार आणा, पण कॅथलिक आणा, आणि मुलीला जन्मापासून ओळखणारा आणा.

असं माणूस एकच होतं. अंगणापलीकडची फिलोमेनामावशी. चर्चमधली रोजची मिस्सा न चुकवणारी, आणि तरी या घरावर जीव टाकणारी. युद्धानंतर यांच्या चॅपलला टाळं लागलं, बाकं कोणी जळणाला नेली. तेव्हापासून उपासना चालायची ती तिमोतेओंच्या स्वयंपाकघरात, खिडक्या लावून. गल्लीत शिपाई दिसले की अंगणात बटाटे सोलत बसलेली मावशी मांजरीला मोठमोठ्याने शिव्या द्यायची. आत सगळे चिडीचूप व्हायचे. मावशीकडे मांजर नव्हतंच. नोएमीला ती ‘माझं पाखंडी कोकरू’ म्हणायची आणि सगळे हसायचे.

“घाबरू नकोस, मावशी,” नोएमी हळूच म्हणाली. “एका शब्दाचं तर काम आहे. ‘नाही’ म्हणायचं.”

न्यायाधीशांनी टाक शाईत बुडवला आणि प्रश्न पुन्हा विचारला. या मुलीचा कॅथलिक बाप्तिस्मा कधी झाला आहे का?

मावशीने हात परत क्रूसावर ठेवला. “झालाय,” ती म्हणाली.

क्षणभर कोणाला काही उमजेना. न्यायाधीशही चक्रावले. कुठल्या चर्चमध्ये, त्यांनी विचारलं.

“चर्चमध्ये नाही, साहेब. माझ्या स्वयंपाकघरात. मीच केला.”

मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. नोएमी जन्मली त्या हिवाळ्यात तिमोतेओ उपासना चालवली म्हणून तुरुंगात होते. आई डबा घेऊन त्यांना भेटायला गेली आणि तान्ही नोएमी मावशीकडे राहिली. दुपारी पोरीचा घसा बसला, श्वास अडकला, ओठ निळे पडले. गावात डॉक्टर नव्हता. बाप्तिस्म्याविना लेकराला स्वर्ग नाही, म्हणून मरणाऱ्या लेकराजवळ पाद्री नसेल तर काय करायचं, हे प्रत्येक कॅथलिक मुलीला शाळेतच शिकवतात. मावशीने तेच केलं. संध्याकाळी पोर दूध प्यायली. पुढे मावशीने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. कळलं तर पोर पुन्हा आपल्या मांडीवर देणार नाहीत, एवढीच तिला भीती होती.

नोएमीची आई तोंडावर पदर घ्यावा तशी शाल घेऊन बसली. न्यायाधीश काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी खोदून खोदून विचारलं, पाणी नुसतं शिंपडलं की डोक्यावरून ओतलं, आणि शब्द कोणते म्हटले. मावशीने ओतलं म्हणून सांगितलं आणि शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. तेव्हा त्यांनी शेवटची वाट काढावी तसं तिमोतेओंना विचारलं, की तुमचा पंथ तर असलं काही मानत नसेल ना?

सगळ्यांचे डोळे तिमोतेओंकडे लागले. एक ‘मानत नाही’ म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण त्यांच्याही चर्चची शिकवण तीच. पाणी कोणीही घालो, बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने घातलं की झालं. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी घरातल्या वाडग्यातून लेकीला स्वतः बाप्तिस्मा दिला होता, तेव्हाही मावशी अंगणात मांजरीला शिव्या देत होती. म्हणजे त्यांचा तो बाप्तिस्मा दुसरा, नुसतं डोक्यावर घातलेलं पाणी.

“बाप्तिस्मा एकदाच होतो,” ते म्हणाले. “तो झालेला आहे.”

मग मुलगी कॅथलिक, न्यायाधीश म्हणाले, आणि हे लग्न या कोर्टात लागायचं नाही. त्यांनी टाक खाली ठेवला. एलिआस हॅट हातात धरून उभा राहिला आणि कुठे जायचं ते न कळून पुन्हा खाली बसला.

नोएमीला रडू आलं नाही. कोणीतरी आपल्याला झोपेत उचलून भलत्याच घरात नेऊन ठेवलं, आणि ते आज कळलं, असं तिला झालं. बाहेर जिन्यावर मावशी टोपली पोटाशी धरून उभी होती.

“इतकी वर्षं शिपायांशी खोटं बोललीस,” नोएमी म्हणाली. “नसलेल्या मांजरीला शिव्या दिल्यास. आज एकदाच बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“ते शिपाई होते गं. क्रूसावर हात ठेवून खोटं बोलले तर मला नरकच.” मावशीने टोपली खाली ठेवली आणि नोएमीच्या डोक्यावरची कललेली पांढरी जाळी नीट केली. “तुझे आईबाप काही स्वर्गात यायचे नाहीत. मीही नसले, तर तिथं तुझं कोण आहे?”