मौलानाची शिफ्ट

"मौलाना, तुम्ही पुढे व्हा. आज नमाज तुम्हीच पढवा," नवे साहेब म्हणाले, आणि मौलाना दोन पावलं मागे सरकला.

अहो, हा कसला मौलाना! कंपनीच्या तक्रार विभागात फोन उचलणारा माणूस. दाढी वाढली ती निव्वळ आळसाने. रोज सकाळी उठून कोण खरडत बसणार? शेजारच्या टेबलावरच्या टवाळांनी दाढीवरून नाव पाडलं. आठवडाभरापूर्वी आलेल्या साहेबांनी बिचाऱ्यांनी ते खरं धरलं.

बरं, ते नाव खोडून काढायचीही सोय नव्हती. 'कामाची वेळ आपल्या सोयीने निवडा' असं कंपनीने नुकतंच जाहीर केलं होतं, आणि त्याचा अर्ज साहेबांकडेच होता. हवी होती दुपारी बारा ते रात्री आठ. कारण लिहिलं होतं : 'पहाटेच्या नमाजेनंतर शरीराला विश्रांती मिळाल्यास काम अधिक जोमाने होते.' याने शेवटची पहाट कधी पाहिली होती, ते एक अल्लाच जाणे. नऊच्या ड्यूटीसाठी बायको त्याला रोज पांघरुणातून अक्षरशः ओढून काढायची. "एकदा बारा ते आठ मिळू दे," तो तिला सांगायचा, "मग तुझी कटकटही संपली आणि माझीही."

दुपारच्या नमाजेला कंपनी वीस मिनिटं देत असे. फोन ओस पडू नयेत म्हणून आजवर सगळे पाळीपाळीने जायचे. मौलाना आपल्या पाळीला मागच्या खोलीत जाऊन चटईवर सरळ आडवा व्हायचा. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं, मोबाइलवर गजर लावून. पण आजपासून साहेबांचं फर्मान निघालं : एकत्र पढू, तेवढा वेळ फोन बाकीचे बघतील.

"साहेब, चाचा आहेत ना. वयाने मोठे," मौलानाने हिशेब विभागातल्या चाचांना पुढे ढकलून पाहिलं.

"माझा घसा बसलाय," चाचा खाकरत म्हणाले. मग त्याच्या कानाशी येऊन कुजबुजले, "घाबरतोस काय रे? दुपारची नमाज इमाम मनातल्या मनात पढतो. कुणाला ऐकू जातंय?"

मौलानाच्या जिवात जीव आला. तो पुढे उभा राहिला. मागे साहेब, चाचा आणि गेटवरचा वॉचमन. "अल्लाहू अकबर" त्याने दणक्यात म्हटलं. मग खोलीत शांतता. लहानपणी खालाने, म्हणजे मावशीने, कान पिळून पाठ करून घेतलेलं तो आठवू लागला, तर दोन ओळींपुढे सगळं सपाट. आणि ओठांवर आलं काय, तर दिवसातून ऐंशी वेळा फोनवर म्हणायचं वाक्य : आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. दुसरं काही सुचेचना. तेच मनात घोळवत तो वाकला, उठला, माथा टेकला. चौथ्या खेपेला त्याची त्यालाच लाज वाटली. नोकरीच्या अकरा वर्षांत हे वाक्य त्याच्या मनातून पहिल्यांदाच निघालं होतं.

शेवटी मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली. सुटलो बुवा!

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अरे वा, आठ मिनिटांत झाली की! मग वीस लागतात कशाला?"

मौलाना चटईची सुटलेली काडी नीट बसवू लागला. साहेबांनी खिशातून त्याचा अर्ज काढला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून सही ठोकली.

"मंजूर. उद्यापासून बारा ते आठ."

मौलानाला आकाश ठेंगणं झालं. उद्या सकाळी दहापर्यंत पांघरूण, आणि बायकोची ब्र काढायची सोय नाही! "फार उपकार झाले, साहेब!" तो म्हणाला. चाचा का कुणास ठाऊक, भिंतीकडे तोंड करून गदागदा हलत होते.

"उपकार तर तुमचे," साहेब बुटाची नाडी बांधत म्हणाले. "दुपारनंतर येणाऱ्या दुसऱ्या पाळीतले तीस जण कधीपासून मागे लागलेत, संध्याकाळची नमाज पढवायला कुणीतरी जाणकार द्या म्हणून. ती मोठ्याने पढवायची असते ना!"