लाल तुरा

साठीचा पंक-रॉक गायक चष्मा लावून वहीतून वाचत होता. पूर्वी म्हणे स्टेजवर गिटारी फोडायचा. आता कोमट पाणी पीत आठवणी सांगतो आणि लोक तिकीट काढून ऐकतात. मीही काढलं. माझा मुलगा सव्वीस वर्षांपूर्वी घर सोडून याच्या बँडमध्ये ड्रम वाजवायला गेला, तो परत आलाच नाही. आता कुठे असतो, एवढंच मला शेवटी विचारायचं होतं.

“आमच्या ड्रमरच्या डोक्यावर कोंबड्यासारखा लाल तुरा होता,” तो सांगू लागला. “एक दिवस गोटा करून आला. म्हटलं, काय रे? म्हणाला, वडील गेले. त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी डोकी भादरली. मी तर अजूनही केस वाढवत नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मांडीवरच राहिले. त्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीत याच हातांनी मुलाला दाबून धरलं होतं.

प्रश्नांची वेळ झाली. माइक माझ्यापर्यंत आला. “बोला काका.”

मुलाचा पत्ता विचारायला उभा राहिलो आणि विचारलं, “त्याचे वडील कशानं गेले?”